बस म्हणेपर्यंत

१

पत्र्याचं काम दोन माणसांचं असतं, हे आधीच सांगून ठेवतो. ते नीट कळलं नाही तर पुढचं सगळं म्हाताऱ्याची बडबड वाटेल. ती तशी आहेच, असं आमच्या घरात एका व्यक्तीचं ठाम मत आहे.

मोटारीच्या मडगार्डला पोचा पडला की बाहेरून नुसती हातोडी मारून भागत नाही. मोकळा पत्रा ठण्ण करतो आणि पोचा इकडचा तिकडे सरकतो. म्हणून दुसऱ्या माणसाने चाकाच्या पोकळीत बसून आतून लोखंडाचा ठोकळा टेकवून धरायचा. आम्ही त्याला डॉली म्हणतो. मग पत्रा हातोडी आणि डॉलीच्या मध्ये सापडतो, टक असा बसका आवाज येतो आणि तो मुकाट्याने आपल्या जागेवर येतो. लहानसहान जागी एकटा माणूस दोन्ही हातांनी हे करू शकतो. जुन्या गाड्यांच्या फुगीर मडगार्डांना एकट्याचे हात पुरत नाहीत.

स्टेशनकडच्या एका गॅरेजात आम्ही चौतीस वर्षं हे काम केलं. मी कडूबा, ठोकणारा. शौकत धरणारा. आमच्या धंद्यात नियम एकच. ठोकणारा ‘बस’ म्हणत नाही तोवर धरणाऱ्याने हात काढायचा नाही. आतल्याला बाहेरचं दिसत नसतं. त्याने मध्येच हात काढला तर पत्र्याला भोक पडतं, नाहीतर बोट जातं. शौकतच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. पहिल्याच वर्षी मडगार्डच्या कडेला काम करताना ते मी फोडलं. त्यानंतर त्याने कधी हात काढला नाही.

मला धरणं जमायचं नाही. दोन मिनिटांत कंटाळा यायचा आणि मी विडीच्या निमित्ताने उठायचो. शौकत हसायचा आणि म्हणायचा, “एक दिवस तू धर, मी ठोकतो. पुरं एक मडगार्ड.” मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर बघू.

२

गाडी शौकतच्या वडिलांची. गयासमियाँ एका जहागीरदाराकडे ड्रायव्हर होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाबरोबर जहागिरी गेल्या, चार-पाच वर्षांनी जहागीरदारही हैदराबादला निघून गेले, आणि जाताना ही काळी मॉरिस गयासमियाँना देऊन गेले. पुढे ती हर्सूलला शौकतच्या घरामागे बोरीखाली उभी राहिली आणि तिथंच गंजली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. शौकत दरवर्षी म्हणायचा, हिला उभी करू आणि तलावाला एक चक्कर मारू. मी दरवर्षी व्हय म्हणायचो.

मार्चमध्ये शौकतला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, उजवी मूठ मिटली ती मिटलीच. दिवाळीत मी त्याच्या खाटेजवळ बसलो आणि शब्द दिला की मॉरिस मी तयार करतो, तू फक्त बसण्यापुरता बरा हो. त्याने नुसतं बघितलं. गौहरभाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, गाडी दिली आणि सोबत त्याची डॉलीही दिली. रेल्वेच्या रुळाचा कापलेला दीड किलोचा तुकडा तो, तळहाताच्या जागी घासून गुळगुळीत झालेला.

गाडी ओढत गारखेड्याला आणली आणि अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी केली. आवडाबाईने, माझ्या बायकोने, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं की उरलेली गाडी कधी येणार आहे. खरं तर इंजिन फार वाईट नव्हतं, ते मी ओळखीच्या फिटरकडे सोपवलं. पत्रा मात्र माझा होता. माझा आणि अर्ध्या माणसाचा.

रोज सकाळी अकराला सुरुवात करायची, एकला जेवायला उठायचं. शुक्रवारी सुट्टी, कारण गॅरेजही शुक्रवारी बंद असायचं. पहिले पंधरा दिवस गंज खरवडण्यात गेले. सोळाव्या दिवशी डावं मडगार्ड घेतलं. डॉली धरायला कोणी नव्हतं. ती चाकाच्या पोकळीत खाली ठेवली होती. पत्रा किती कमकुवत झालाय ते बघावं म्हणून मी बाहेरून हलकेच एक हातोडी मारली.

टक.

मी थांबलो. परत मारली. पुन्हा तोच बसका आवाज आला, आणि रुपयाएवढा पोचा माझ्या डोळ्यांदेखत सपाट झाला.

३

मी देवाधर्माचा आहे, पण भुताखेतांचा नाही. चौतीस वर्षं पत्र्याशी बोलल्यावर माणसाला कारणं शोधायची सवय लागते. आत चिखल साचून दगड झाला असणार. मी पोकळीत शिरलो आणि पन्नास वर्षांचा चिखल टोपलीभर काढला. आतला पत्रा स्वच्छ केला. आता बाहेर येऊन मारली की ठण्ण होणार, हे मला पक्कं माहीत होतं.

टक.

मी वाकून आत बघितलं. कोणी नव्हतं. डॉली जमिनीवर होती, पण मी ठेवली तिथं नव्हती. ती डाव्या बाजूला, दोनदा घडी घातलेल्या फडक्यावर ठेवलेली होती. शौकत हत्यार कधी मातीत टाकायचा नाही. उठताना डॉली अशीच फडक्यावर ठेवायचा, डावीकडे. मी तिला हात लावला तर ती कोमट होती.

उन्हाने तापली असेल, असं मी म्हटलं. शेडखाली ऊन येत नाही, हे मलाच आठवलं. मग म्हटलं, फडकं मीच ठेवलं असेल. सदुसष्टाव्या वर्षी माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, तिथं फडक्याचं काय. हे कारण मला बरं वाटलं आणि मी ते दोन दिवस वापरलं.

तिसऱ्या दिवशी आवडाबाई अंगणात लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली की तुमचं काम आता बरोबर ऐकू यायलंय, आधी नुसता थयथयाट होता. तिला पत्र्यातलं काही कळत नाही. म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

मी काम थांबवलं नाही, हेही सांगतो. उलट त्या दिवशी मी दीडपर्यंत ठोकत राहिलो. जिथं हातोडी नेईन तिथं आतून आधार यायचा, माझ्या हाताच्या अर्धा क्षण आधी. असा आधार मला जगात एकाच माणसाने दिलाय. मला भीती वाटत होती आणि फार बरं वाटत होतं, आणि ही दोन्ही कशी एका वेळी वाटतात ते मला सांगता येत नाही.

४

आठवड्याने हर्सूलला गेलो. गौहरभाभी दारातच भेटल्या. त्या एरवी आमच्याशी मराठीच बोलतात, पण आनंद झाला की दखनीवर येतात. “हाथ चल रा भाई,” त्या म्हणाल्या, “अपने आप.”

त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. रोज सकाळी अकराच्या सुमाराला शौकतची उजवी मूठ गादीवरून वर उठते, दाबून धरल्यासारखी थरथरते आणि मग तिला झटके बसतात. एक वाजेपर्यंत हे चालतं. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली की चांगलं लक्षण आहे, नसा जाग्या होतायत. फक्त मागच्या शुक्रवारी हात हलला नाही. भाभींना त्याचं जरा वाईट वाटलं होतं, पण शनिवारी पुन्हा सुरू झाला.

त्यांनी माझ्यासाठी शिरखुर्मा केला होता. मी तो खाल्ला. काय चव होती ते आठवत नाही.

शौकत माझ्याकडे बघत होता. मी त्याची नजर टाळली, आणि ती का टाळली हे सांगायची वेळ आली आहे. मार्चमध्ये आम्ही एका जीपच्या मडगार्डचा पोचा काढत होतो. शौकत आत बसून धरत होता. तेवढ्यात जीपचा मालक आला आणि रंगावरून बोलायला लागला. मला वाद घालायला आवडतो. मी हातोडी ठेवली, बाहेर गेलो, आणि हिरव्या रंगाच्या किती छटा असतात हे त्याला अर्धा तास पटवत राहिलो. परत आलो तेव्हा शौकत तसाच बसला होता. हात ताठ, डॉली पत्र्याला टेकलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्याला आधीच काहीतरी होत असणार. पण मी बस म्हटलं नव्हतं, म्हणून तो उठला नव्हता. दवाखान्यात त्याच्या मुठीतून डॉली काढायला दोन माणसं लागली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. आवडाबाईलाही नाही.

५

जानेवारीत उजव्या मडगार्डवर आलो. तिथं गंजाने एक भोक पाडलं होतं, पेरूएवढं. त्याच्या बाजूचा पोचा काढत होतो, टक, टक, टक. हातोडी चालू असताना आत बघायचं नाही, असं मी इतके दिवस स्वतःला बजावून ठेवलं होतं. बघितलं तर ते थांबेल याची मला भीती होती. त्या दिवशी हातोडी मारता मारता डोळा आपोआप भोकाकडे गेला.

आत अंधार होता. अंधारात लोखंडाची एक कड होती, आणि त्या कडेवर एक अंगठा होता. नख मधोमध दुभंगलेलं.

मी हातोडी खाली टाकली नाही, ओरडलो नाही. जागा चुकवायची नाही एवढंच मनात आलं, कारण आता कडेला मारलं तर त्याला लागेल. पोचा पुरता निघेपर्यंत मी मारत राहिलो. मग ओट्यावर येऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आवडाबाईने कारण विचारलं. मी सांगितलं, गंज डोळ्यात गेला.

त्या दिवसापासून मला गाडी संपवायची नव्हती. मॉरिस संपली की आधार संपणार, हर्सूलला मूठ थांबणार, गौहरभाभी पुन्हा त्या मार्चमधल्या तोंडाने बसणार. आणि मी एकटा होणार, हेही त्यात होतंच, मोठेपणा कशाला घेऊ. फेब्रुवारीत सगळा पत्रा आरशासारखा झाला. फिटरने इंजिन बसवून दिलं, तेही पहिल्या झटक्यात सुरू झालं. रंग तेवढा राहिला होता. दुसऱ्या दिवशी अकराला मी हातोडी उलटी धरली आणि डाव्या मडगार्डवर स्वतः एक पोचा पाडला. मग तो काढला. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

आवडाबाईला पत्र्यातलं कळत नसलं तरी माझ्यातलं कळतं. चार दिवस तिने बघितलं. पाचव्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, “सकाळी मोडायलात, दुपारी जोडायलात. कोणासाठी करायलात हे?”

मी म्हटलं, शौकतसाठी.

“त्याला इचारलं का?” ती म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला वळली.

६

गेलो. बुधवार होता, दुपारचे चार. गौहरभाभींचा आनंद आता तेवढा राहिला नव्हता. हात अजून रोज चालतो, त्या म्हणाल्या, पण शौकतला झोप लागत नाही. रात्रभर डोळे उघडे असतात. आणि हे बघा.

शौकतच्या मुठीभोवती सुती पट्टी बांधली होती. भाभींनी ती सोडली आणि एकेक बोट उचलून तळहात उघडा केला. त्यावर फोड होते, काही फुटलेले, आणि मधोमध चौकोनी काळा डाग होता, रुळाच्या तुकड्याएवढा. धुतला तरी जात नाही, त्या म्हणाल्या. गादीवर नुसता पडलेला हात, त्याला फोड कशाने येतात हे त्यांना कळत नव्हतं. डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. मनगट सुजून दुप्पट झालं होतं.

भाभी पाणी आणायला आत गेल्या. मी शौकतच्या बाजूला बसलो आणि या वेळी त्याच्याकडे नीट बघितलं. मार्चपासून मी समजत होतो की त्याच्या नजरेत राग आहे. राग नव्हता. गॅरेजात मी भान विसरून फार वेळ ठोकत राहिलो की तो आतून कधी तक्रार करायचा नाही, फक्त जीभ टाळूला लावून एक च्‌ करायचा. हात भरून आल्याची तेवढीच खूण. मी ती ऐकून म्हणायचो, झालं झालं, आणखी दोनच.

त्याने वाकड्या तोंडातून महत्प्रयासाने तोच आवाज काढला. च्‌.

अकरा महिने तो धरून बसला होता. मीच त्याला सोडलं नव्हतं.

मला तिथंच म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण काम अर्धं टाकून बस म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि सकाळी पाडलेला एक पोचा डाव्या मडगार्डवर शिल्लक होता. मी त्याच्या फोडांवर हळूच हात ठेवला आणि सांगितलं, “उद्या अकराला. एकच राहिलाय.”

७

गुरुवारी आवडाबाईला अंगणात येऊन बसायला सांगितलं. ती पाट घेऊन बसली.

अकरा वाजता पहिली हातोडी मारली. आधार आला, पण थकलेला होता. लोखंड पत्र्यामागे किंचित थरथरत होतं, ते मला दांड्यातून कळत होतं. मी आयुष्यात इतक्या हळू आणि इतक्या नेमक्या जागी कधी मारलं नसेल. सात ठोके लागले. सातव्याला पोचा गेला. बोट फिरवून बघितलं, कुठं काही लागलं नाही.

आठवा मारायची फार इच्छा झाली. हातोडी वर गेलीही होती. आवडाबाई बघत होती.

“बस, शौकत,” मी म्हटलं. “लई धरलंस गड्या. बस.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मडगार्डच्या आत एक लांब श्वास सुटल्यासारखं वाटलं, आणि लोखंड खाली ठेवल्याचा आवाज आला. पडल्याचा नाही, ठेवल्याचा. आवडाबाईनेही तो ऐकला. तिने पदर तोंडाला लावला.

मी वाकून बघितलं. डॉली डावीकडे होती, दोनदा घडी घातलेल्या फडक्यावर.

पाऊण वाजता गौहरभाभींचा फोन आला. अकरानंतर थोड्याच वेळात मूठ आपोआप उघडली होती. बोटं सरळ झाली, तोंडही जरा सरळ वाटतंय, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपलेत, असं त्या सांगत होत्या. उठवू का, फोन त्यांच्या कानाला लावू का, असंही विचारलं. मी म्हटलं, नका उठवू.

तो त्या झोपेतून उठला नाही. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर त्याला हर्सूलच्या कब्रस्तानात नेलं. मी खांदा दिला. उजवा हात कफनात उघडा, सैल पडलेला असणार, या विचाराने मला बरं वाटलं.

८

चाळिसाव्या दिवसाच्या विधीआधी मॉरिसला काळा रंग दिला. इद्दतीचे, म्हणजे सुतकाचे, सव्वाचार महिने संपल्यावर गौहरभाभींना मागे आवडाबाईबरोबर बसवलं आणि तलावाला पूर्ण चक्कर मारून आणली. पुढची डावी सीट मोकळी ठेवली होती. भाभींनी उतरताना बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाल्या की दोघांनी छान काम केलंत. आवडाबाईने माझ्याकडे बघितलं. आम्ही भाभींना काहीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर एकदाच हातोडी उचलली होती, खात्री करायला. बंपरमागच्या पत्र्यावर हलकेच मारली. ठण्ण. नुसता पत्रा. मी हातोडी कापडात गुंडाळून फळीवर ठेवून दिली आणि ठरवलं की आता गोष्ट संपली.

मागच्या महिन्यात एका शनिवारी गाडी धुवायला काढली. डाव्या चाकाच्या पोकळीत हात घालून चिखल पुसत होतो. तळहात आतून मडगार्डला टेकला होता. अकरा वाजले असतील.

टक.

बाहेरून. बरोबर माझ्या तळहातावर. मी वाकून बघितलं, अंगणात कोणी नव्हतं, आवडाबाई दळण आणायला गेली होती. मी हात तिथंच राहू दिला. दुसरा ठोका जरा बाजूला पडला, तिसरा माझ्या बोटाच्या पेरावर. हातोडी हलकी होती, नवशिक्याची. जागा चुकत होती. मला हसू आलं. चौतीस वर्षं आत बसून त्याला हे कधी शिकताच आलं नव्हतं.

आता मी रोज अकराला तिथं बसतो. डॉली उजव्या हातात धरतो, पत्र्याला टेकवून. दीड किलो फार असतं, हे मला कधी कळलं नव्हतं. शुक्रवारी ठोके येत नाहीत, त्या दिवशी हात मिठाच्या पाण्यात शेकतो. काल आवडाबाई म्हणाली की चहा पिताना तुमच्या ओठाच्या कोपऱ्यातून सांडायलाय, डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, चलू. सकाळी तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी पोकळीत बसलो होतो आणि काम चालू होतं.

उठता आलं असतं. पण पुरं एक मडगार्ड, असं तो म्हणायचा, आणि अजून अर्धंही झालेलं नाही. हात भरून आलाय. शौकत अजून बस म्हणालेला नाही.